बायपासवरचं मोठं दुकान: काय घ्यावं, काय घेऊ नये आणि पेठेत काय झालं

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे काही एका कंपनीचं गाऱ्हाणं नाहीये, आणि सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या बऱ्याच तालुक्याच्या गावांत आता बायपासला असलं एखादं दुकान असतंच, पत्र्याची उंच शेड, बाहेर टू-व्हीलरची रांग, दारात बॅगा सील करणारा सिक्युरिटीवाला. तुम्ही आपापल्या गावचं समजून वाचा.

पहिल्यांदा चांगलं सांगते कारण चांगलं बरंच आहे. तेलाच्या पिशव्या, साबण, कपड्याची पावडर, चहा, टूथपेस्ट, बिस्किटाचे मोठे पॅक, सॅनिटरी पॅड, फरशी पुसायचं लिक्विड, ह्यात पेठेतला कुठलाच दुकानदार टिकत नाही. छापील किमतीच्या खाली मिळतंच मिळतं. चार माणसांच्या घराच्या महिन्याच्या यादीवर आरामात चारपाचशे रुपये सुटतात, आणि ज्याच्या घरात एकच पगार आहे त्याला चारपाचशे म्हणजे पोरीच्या क्लासची अर्धी फी. त्यामुळे 'लोकांना आपल्या माणसाची किंमत नाही' वगैरे जे म्हणतात त्यांनी आधी स्वतःच्या घरातली यादी घेऊन दोन्हीकडे फिरून यावं आणि मग बोलावं.

दुसरं चांगलं कुणी फारसं बोलत नाही ते म्हणजे इथे कुणी तुम्हाला विचारत नाही. पेठेतल्या दुकानात काउंटरच्या अलीकडे उभं राहायचं, चार माणसांत मोठ्यानं सांगायचं काय पाहिजे, आणि पॅड मागितले की शेठ ते पेपरमध्ये गुंडाळून काळ्या पिशवीत घालून असे देणार जसं काय आपण चोरीचाच माल नेतोय. इथे पोरी बिनधास्त ट्रॉलीत टाकतात आणि चालायला लागतात. आणि वाड्यावस्तीवरची बाई असो की डॉक्टरची बायको, ट्रॉली एकच, रांग एकच, कुणाला आधी माल दे कुणाला थांबव असलं काही नाही. पेठेत अशी सारखी वागणूक सगळीकडे मिळायची असं म्हणता येणार नाही, आणि वेगळी वागणूक ज्यांनी भोगलीय त्यांना ह्या दुकानाचं कौतुक जास्त आहे, आणि ते बरोबरच आहे.

आता हे एवढं स्वस्त परवडतं कसं? आमच्याकडे लोकांचं ठाम मत आहे की 'डुप्लिकेट माल असतो'. तसं काही नाहीये हो. ह्या धंद्यात सगळ्यात नावाजलेलं उदाहरण डीमार्टचं, २००२ साली पवईला पहिलं दुकान काढलं राधाकिशन दमाणींनी, आणि २०२५ च्या मार्चअखेर चारशेच्या वर दुकानं झाली. त्यांचं गणित शेअर बाजारवाल्यांना तोंडपाठ आहे: जागा शक्यतो भाड्याची नाही स्वतःची घ्यायची म्हणजे दर महिन्याला भाड्याचा खड्डा नाही, सप्लायरला पैसे पटकन द्यायचे म्हणजे तो कमी भावात माल देतो, सजावटीवर खर्च नाही, आणि माल रॅकवर पडून राहू द्यायचा नाही. ढोबळ नफा शेकडा १४-१५ च्या आसपास, म्हणजे फार नाही, पण माल इतका फिरतो की पुरून उरतो. यात फसवणूक काहीच नाही, सरळ धंदा आहे, आणि आमच्या अण्णांना (पेठेतले आमचे किराणावाले, माझ्या सासऱ्यांपासूनचं खातं) हे कधीच जमणार नव्हतं कारण अण्णांचे पैसे मालात नसतात, लोकांच्या घरात असतात. ते पुढे सांगते.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. साखर-तेल स्वस्त देऊन ते तुम्हाला आत आणतात, कमाई वरच्या मजल्यावर आहे. बादल्या, डबे, गाऊन, पोरांचे टीशर्ट, चपला, पायपुसणी, काचेचे कप, चादरी. डीमार्टच्याच आकड्यांत ह्या असल्या मालाची विक्री एकूण विक्रीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त आहे आणि किराण्यापेक्षा त्यात मार्जिन बरं सुटतं. आमच्या इथल्या दुकानातही जिना असा ठेवलाय की वर गेल्याशिवाय बिलिंगकडे जाताच येत नाही. आमच्या घरात आज सात पायपुसणी आहेत. खोल्या चार.

आणि म्हणूनच पेठेत पहिला मार किराणावाल्याला बसला नाही. लोकांना वाटतं वाणी मरतो. आमच्याकडे आधी गेलं ते प्लास्टिकच्या सामानाचं दुकान, मग गाऊन-परकरवाला, मग जूनमध्ये वह्या-दप्तरं विकून वर्षभराचं काढणारा स्टेशनरीवाला अर्धा झाला, त्यानं आता निम्म्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं चालू केलंय. भांड्यांचं दुकान टिकून आहे ते लग्नसराईवर आणि मोडीवर, कारण जुनी पितळ्याची कळशी घेऊन त्याबदल्यात नवा कुकर देणं हे बायपासवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये बसत नाही.

मालाचा दर्जा. पॅकबंद कंपनीचा माल सगळीकडे सारखाच, त्याबद्दल काय लिहायचं. डाळी चांगल्या आहेत, निवडलेल्या, खडा नाही. तांदूळ बरा. पण ज्वारी? शाळू म्हणून जे ठेवलंय ते कुठलं, कधीचं, काही पत्ता नाही, भाकरी थापताना चिरा पडतात म्हणजे पडतातच. अण्णा पोत्यात हात घालून ओंजळ पुढे करतात आणि सांगतात हा अमक्या भागातला, जरा महाग आहे पण घ्या, किंवा सरळ सांगतात ह्यावेळी नका घेऊ. गूळ तर बोलूच नका. कोल्हापूर शेजारी आणि आपण प्लास्टिकच्या डब्यातल्या गुळाच्या वड्या आणायच्या! हळदीचं तसंच, देशभरातून हळद ज्या सांगलीच्या बाजारात येते तिथून एवढ्या जवळ राहून रॅकवरची बारीक पुडी उचलायची म्हणजे कमाल आहे. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची असते तेव्हा ब्याडगी किती, संकेश्वरी किती, तिखट जास्त पाहिजे की रंग जास्त, खोबरं-तीळ-धने कसे घ्यायचे, हे विचारायला तिथे माणूसच नाही. एक पोरगा होता बिचारा, त्याला विचारलं तर म्हणाला मॅडम मसाला पलीकडच्या रॅकला आहे रेडीमेड.

पोरांबद्दल लिहायलाच पाहिजे. आसपासच्या गावांतली बारावी झालेली, बीए अर्धवट सोडलेली पोरं-पोरी तिथे कामाला आहेत. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत येतो, पीएफ कापतात, युनिफॉर्म आहे. पेठेत दुकानात राबणाऱ्या पोराला ह्यातलं काही मिळत नव्हतं, दिवाळीला एक ड्रेस आणि वर्षानुवर्षं तोच पगार, हे पण खरं आहे. पण बिलिंगच्या पोरी दिवसभर उभ्या असतात, बसायला काही नाही. केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय दिलीच पाहिजे असा कायदा केला. आपल्याकडे २०१७ च्या दुकान कायद्यानं दुकानं वर्षाचे सगळे दिवस उघडी ठेवायला मोकळीक मिळाली (कामगाराला आठवड्याची सुट्टी आहे, पण ती ज्याची त्याची वेगळी). आमच्या पेठेला मंगळवारची सुट्टी असायची, सगळी दुकानं बंद, सगळ्या दुकानदारांची आणि पोरांची एकाच दिवशी सुट्टी, लग्नकार्यं, दवाखाने, पाहुणे सगळं मंगळवारी. आता मंगळवारी बंद ठेवलं की गिऱ्हाईक बायपासला जातंय म्हणून एकेकानं उघडायला सुरुवात केली आणि दुकानदारांच्या घरातल्या बायका म्हणतात की आमचा एक वार होता तोही गेला.

आता उधारीचं सांगते, माझा अर्धा स्टार गेलाय तो ह्याच्यावर.

आमच्या भागात पैसा वर्षाचा हिशोब धरून येतो. ऊस कारखान्याला गेला की बिल. कायद्यानं १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) द्यायची, प्रत्यक्षात हप्त्या-हप्त्यानं येते आणि कधी येते हे सगळ्यांना माहितीय. तोपर्यंत शेतकऱ्याचं घर चालतं कशावर? वहीवर. अण्णांच्या लाल वहीत माणसाचं नाव, गावाचं नाव, आणि पुढे आकडे, ऊसबिल आलं की एकदम भरायचे. व्याज लावत नाहीत, थोडाफार भावात चढवतात एवढंच, आणि ते सगळ्यांना कळतं आणि सगळ्यांना मान्य असतं. मजुरांचं आठवड्याच्या बाजाराला फिटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, हायवे कित्येक दिवस बंद होता, नदीकाठची घरं गेली, त्यानंतर दोन-तीन महिने किती घरं नुसत्या वहीवर चालली ते आम्ही बघितलंय. बायपासचं दुकान त्यानंतर आलं, त्यामुळे त्यांनी तेव्हा काय केलं असतं हा प्रश्नच येत नाही, त्यांना दोष देत नाही.

पण ही वही चालते कशी हे कधी कुणी विचारलं नाही. अण्णांना होलसेलवाल्याला पैसे तर वेळेत द्यावे लागतात. ते कुठून यायचे? आमच्यासारख्यांकडून. शाळेतले, बँकेतले, एसटीतले, पाटबंधारेतले, ज्यांचा पगार महिन्याच्या सुरुवातीला होतो आणि जे पाच-सात तारखेला लांबलचक यादी टाकून सगळं रोख देतात. आमच्या रोखीवर अण्णा माल भरायचे आणि त्या मालातून दुसऱ्यांची उधारी चालायची. कुणी ठरवून केलेली व्यवस्था नाही ही, आपोआप जमलेली. आता मोठं दुकान आलं तेव्हा तिकडे पहिल्यांदा कोण गेलं? ज्यांच्या हातात रोख आहे आणि गाडी आहे ते. म्हणजे आम्हीच. मोठी यादी आमची तिकडे गेली, आणि अण्णांकडे उरलं काय, पाच रुपयांची शाम्पूची पुडी, अर्धा पाव तेल, अचानक संपलेली साखर, आणि सगळी उधारीची खाती. चांगलं गिऱ्हाईक तिकडे आणि बाकी इकडे. किती दिवस चालणार? दोन वर्षं ओढलं त्यांनी, मग एक दिवस गल्ल्याच्या वर पाटी लागली, 'कृपया उधार मागू नये'. जुनी चार-पाच खाती ठेवलीत, बाकी बंद.

ज्यांची खाती बंद झाली ते काही बायपासला जाऊ लागले नाहीत, तिथे रोख लागते. ते गेले मायक्रोफायनान्सच्या ग्रुपकडे. दर आठवड्याला हप्ता, बायकांचा ग्रुप, एकीनं चुकवलं की सगळ्या तिच्या दारात. किंवा सोन्याची मणी-डोरली घेऊन सराफाकडे. अण्णांच्या वहीत व्याज नव्हतं, इथे आहे. माझ्या घरी कामाला येणाऱ्या मावशी किराण्यासाठी कर्ज काढतात, तांदूळ-तेलासाठी, आणि माझे मात्र महिन्याला पाचशे वाचतात. मोठ्या दुकानाची जी स्वस्ताई आहे ती अशी वाटली गेलीय, आधीच ज्याच्या खिशात आहे त्याला. बिलाच्या खाली 'आज तुम्ही वाचवले' म्हणून आकडा छापून येतो ना, त्याच्या खाली दुसरी ओळ पाहिजे होती.

लगेच कुणीतरी म्हणेल ताई, किराणावाले काय धुतल्या तांदळाचे होते का. नव्हतेच! काटा मारणारे होते, डाळीत लाखेची डाळ मिसळणारे होते, उधारीवाल्याला सगळ्यात जुना माल देणारे होते, सणाच्या तोंडावर साखर दडवणारे होते. स्पर्धेमुळे ते सुधारले हेही खरं. आमचे अण्णाच आता व्हॉट्सॲपवर यादी घेतात, पोराला गाडीवर पाठवतात, यूपीआय चालतं, एक्सपायरी डेट विचारली तर रागवत नाहीत. हे सगळं मोठ्या दुकानामुळे झालं, नाहीतर झालं नसतं, मी लिहून देते.

पण स्पर्धा सारखी आहे का हाही प्रश्न आहेच. छोट्या दुकानदाराला कंपनीचा माल एजन्सीवाल्याकडून येतो, मोठ्याला थेट, आणि भावात फरक. अण्णा एकदा म्हणाले होते की मला ज्या भावात साबण पडतो त्याच भावात तिथे तो विकायला ठेवलाय, मीच तिथून आणून विकू का? आणि खरंच काही छोटे दुकानदार तेच करतात, पहाटे लवकर जाऊन ट्रॉल्या भरतात (म्हणून तर 'एका गिऱ्हाइकाला इतकेच नग' अशा पाट्या असतात). २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या वितरकांनी ह्याच मुद्द्यावर कोलगेटचा काही माल उचलायचा थांबवला होता, मागणी एकच, ऑनलाइन घाऊकवाल्यांना आणि मोठ्या साखळ्यांना जो भाव तोच आम्हाला द्या. चार दिवस बातम्या आल्या, मग विषय मागे पडला.

गंमत बघा, २०१२ मध्ये किरकोळ धंद्यात परदेशी कंपन्यांना ५१ टक्क्यांपर्यंत परवानगी दिली तेव्हा केवढा आरडाओरडा झाला, बंद झाले, वॉलमार्ट येणार आणि सगळं गिळणार. वॉलमार्टची ती दुकानं काही आपल्या गल्लीत आली नाहीत. आली ती आपल्याच लोकांची, आणि त्यांच्याविरुद्ध मोर्चा काढायचं कुणाच्या डोक्यात पण आलं नाही, उलट गावात 'आपल्याकडे पण आलं एकदाचं' म्हणून पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. मी पण पहिल्या रविवारी गेले होते.

स्वस्तात माल मिळायला हाच एक रस्ता होता असं पण नाही, आणि हे मला आपल्या लोकांनी विसरल्याचं आश्चर्य वाटतं. मुंबईत नायगावला १९४८ साली कामगारांनी सहकारी तत्त्वावर अपना बाजार काढला. दमाणींनी स्वतःचं दुकान काढायच्या आधी अपना बाजारचीच नेरूळची फ्रँचायझी चालवलेली, म्हणजे शाळा एकच. माझी मावशी पार्ल्याला असते, तिथे मुंबई ग्राहक पंचायतीचं वितरण चालतं, १९७५ पासून बिंदुमाधव जोशींनी वगैरे सुरू केलेलं. दुकानच नाही त्यांचं! आसपासच्या घरांचा गट करायचा, महिन्याची यादी आगाऊ भरून द्यायची, माल एका घरी येतो आणि तिथे बायका वाटून घेतात. भाव चांगला, माल चांगला, फक्त आठवण ठेवून यादी भरायला लागते आणि आपली पाळी आली की राबायला लागतं. आमच्या भागात वारणेला वारणा बाजार आहे, सहकारातलाच. पण आमच्या गावातल्या सहकारी ग्राहक भांडाराचं काय झालं ते विचारू नका, संचालकांच्या पाहुण्यांना नोकऱ्या लावता लावता मालाची ऑर्डर द्यायचीच राहून गेली.

आणि एक भीती आहे ती सांगून टाकते. बिग बझार आठवतंय ना? २००१ ला सुरू झालं, २६ जानेवारीच्या सेलला लोक भिंती चढून आत जायचे इतकी गर्दी, आणि २०२२ मध्ये रिलायन्सनं जागा ताब्यात घेतल्या आणि पाट्या उतरल्या सुद्धा. शहरात दुसरं काहीतरी उभं राहतं. आमच्यासारख्या गावात बायपासवाल्याला उद्या परवडेनासं झालं आणि त्यानं शटर ओढलं, तर तोपर्यंत पेठेतला गाऊनवाला, प्लास्टिकवाला, स्टेशनरीवाला गेलेले असतील, त्यांची पोरं पुण्याला कंपनीत लागलेली असतील. ती परत येऊन वडिलांचं दुकान उघडणार आहेत का?

असो. आता ज्यांना फक्त खरेदीचं वाचायचं होतं त्यांच्यासाठी, आमच्या घरी सध्या काय चाललंय ते. तेल, साबण, पावडर, पॅड, टूथपेस्ट, चहा बायपासवरून, दोन महिन्यांचं एकदम. ज्वारी, गूळ, हळद, मिरची, पोहे, शेंगदाणे, डाळी अण्णांकडून, सात तारखेच्या आत, रोख, भाव न करता. फराळाचं सामान पण तिथूनच, कारण भाजणीला काय किती हे अण्णांच्या बायकोला विचारता येतं. कपडे-बादल्या गरज असेल तरच आणि वरच्या मजल्यावर पोरांना नेऊ नका. मोठा पॅक म्हणजे स्वस्त असं समजू नका, पाकिटावर बारीक अक्षरात ग्रॅममागे किंवा मिलीमागे किंमत छापलेली असते ती बघा, कधीकधी छोटाच स्वस्त पडतो. बिल तिथेच काउंटरवर तपासा, एकावर एक फ्री वाल्या मालात फ्रीचे पण पैसे लागलेले आढळले तर लगेच दाखवा, करून देतात, वाद घालत नाहीत. घरून पिशवी न्या नाहीतर पिशवीचे वेगळे पैसे. पार्किंग फुकट आहे पण रविवारी संध्याकाळी बायपासला वळताना ट्रकवाल्यांपासून सांभाळा, तिथे अजून सिग्नल नाहीये. आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी अजिबात जाऊ नका, बिलिंगची रांग पार बेडशीटच्या रॅकपर्यंत येते आणि उभ्या उभ्या माणूस बेडशीट घेऊनच बाहेर पडतो.